पामवृक्षांचे हिवाळी संरक्षण

जमिनीत, उघड्यावर वाढणाऱ्या पामवर्गीय झाडांना थंडी, गोठलेले दव आणि हिवाळ्यातील कोरडा वारा यांपासून वाचवण्यासाठी केलेले उपाय. थंड प्रदेशांत यात झाड बांधणे, गुंडाळणे, प्रसंगी त्याला कृत्रिम ऊब देणे इतके सगळे येते. कोल्हापुरात पारा गोठणबिंदूच्या जवळपासही फिरकत नाही. त्यामुळे येथे झाड गुंडाळायची वेळ क्वचितच येते आणि सगळी जपणूक पाणी, पालाश (पोटॅश) आणि कोयता या तिघांभोवती फिरते. थंड देशांतले सल्ले वाचून बॉटल पामला प्लॅस्टिकचा कागद लपेटला, तर इथल्या दुपारच्या उन्हात थंडीपेक्षा त्या कागदानेच झाडाचे जास्त नुकसान होते.

एकुलता कोंब

ताडकुलात सुमारे २,६०० जाती आहेत. नारळ, पोफळ, ताड, शिंदी आणि भेरली माड ही त्यातली आपल्या ओळखीची मंडळी. ही सगळी एकदल झाडे. आंब्याच्या किंवा वडाच्या खोडात सालीखाली नव्या पेशी तयार करणारा एक जिवंत थर असतो. जखम झाली की तो ती भरून काढतो आणि फांदी मेली तर शेजारून धुमारा फुटतो. पामच्या खोडात असा थर नसतो. खोडाला पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. नवी पाने फक्त शेंड्याच्या गाभ्यातल्या एका कोंबातून येतात आणि एकखोडी जातीत तो कोंब मेला की झाड संपले. अरेकासारख्या बेट करून वाढणाऱ्या जातींना एवढी धास्ती नाही. एक दांडा गेला तरी बाकीचे तग धरतात.

हिवाळी संरक्षणाचा सगळा खटाटोप या कोंबासाठी असतो. पाने करपली तर झाड विद्रूप दिसते, पण जगते. कोंबाभोवती पानांच्या देठांची आवरणे एकात एक बसलेली असतात, म्हणून बाहेरची थंडी आत पोहोचायला वेळ लागतो. मात्र कोंबाच्या पोकळीत पाणी साचलेले असेल आणि तशात ते गोठले, तर पेशी फुटतात आणि त्या मेलेल्या भागातून जिवाणू आणि बुरशी आत शिरतात. कित्येक झाडे गोठण्याने मरत नाहीत. गोठून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरू होणाऱ्या कुजीने मरतात.

उष्ण कटिबंधातल्या जातींना इजा व्हायला बर्फच पडावे लागते असे नाही. पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास आठवडाभर राहिला तरी त्यांच्या पेशींची आवरणे नीट काम करीनाशी होतात, मुळे पाणी ओढण्यात मंद होतात आणि पानांवर तपकिरी डाग उमटतात. वर कोरडा वारा असेल तर पान जेवढे पाणी गमावते तेवढे मुळांकडून मिळत नाही. टोके जळतात ती बहुधा यामुळे.

थंड मुलखातील रीत

पाम म्हटले की समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो, पण काही जाती चांगल्याच काटक आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागातला बुटका, काटेरी सुई पाम उणे २० अंशांच्या आसपासची थंडी सोसतो. चीनमधला पवनचक्की पाम उणे १५ पर्यंत टिकतो. १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने त्याची रोपे इंग्लंडला पाठवली आणि पुढे तो युरोपभर पसरला. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतात तर तो रानात इतका माजला, की १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवरच बंदी आली. त्याचा एक भाऊबंद, टाकिल पाम, आपल्याच उत्तराखंडात कुमाऊँच्या डोंगरात हिमवर्षाव होणाऱ्या उंचीवर वाढतो.

इतर जातींना मात्र आधार द्यावा लागतो. पाने वर उचलून सुतळीने सैल बांधतात, म्हणजे कोंबाभोवती त्यांचेच पांघरूण होते. त्यावर हवा खेळू देणारे कापड किंवा तरट गुंडाळतात. बुंध्याशी वाळलेल्या पानांचा किंवा पेंढ्याचा जाड थर देतात. फारच कडाका असेल तर लाकडी चौकट ठोकून तीत पेंढा भरतात, किंवा खोडाभोवती तापणारी विजेची तार फिरवतात. जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळाही यासाठी वापरतात. एलईडीच्या माळा पुरेशा तापत नाहीत, त्यांचा उपयोग फक्त शोभेला. पारा चढला की आवरण लगेच काढणे हा या रीतीतला महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा भाग. आत वाफ धरली की कोंब कुजतो.

जुन्या काळी राजेरजवाड्यांनी दुसरा मार्ग धरला होता: झाडच घरात आणायचे. व्हर्सायच्या राजवाड्यातील ओरांजेरीत, म्हणजे झाडे हिवाळ्यात ठेवायच्या दालनात, कुंड्यांतले पाम आजही हिवाळाभर मुक्कामाला असतात, तर लंडनजवळच्या क्यू बागेत १८४४ ते १८४८ या काळात त्यांच्यासाठी काचेचे अख्खे पाम हाऊस उभारले गेले. उघड्यावरच्या झाडांचे काय होऊ शकते ते फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने पाहिले. ह्यूस्टनमध्ये पारा उणे १० अंशांच्या आसपास उतरला आणि रस्त्याकडेचे असंख्य पाम मेले. त्याच मातीतल्या मूळच्या साबाल जाती मात्र बऱ्याच प्रमाणात वाचल्या.

कोल्हापूरचा हिवाळा

समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीचे सरासरी किमान तापमान १४ ते १५ अंशांच्या घरात असते. थंडीच्या लाटेत ते १० च्या जवळ आले की दुसऱ्या दिवशी बातमी होते. दुपारी मात्र पारा २८-३० पर्यंत चढतो. दिवस आणि रात्र यांतली ही तफावत हे इथल्या हिवाळ्याचे लक्षण, आणि झाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे इथे घातक का ठरते त्याचे कारणही तेच.

गारठा सगळीकडे सारखा नसतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षाही थंड होतात, आणि जड झालेली थंड हवा उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. पंचगंगेकाठच्या उसाच्या मळ्यांत पहाटे जे धुके आणि दव दिसते ते याच खेळातले. नदीकाठच्या मळ्यातले झाड आणि पन्हाळ्याच्या उतारावरचे झाड यांची रात्र म्हणूनच वेगळी असते. उंचावरचे थंड असेलच असे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात गाड्यांच्या टपांवर दव गोठते, तेव्हा तिथल्या हवेचे नोंदलेले तापमान शून्याच्या वरच असू शकते, तेही याच कारणाने. कोल्हापूर शहरात दव गोठण्यापर्यंत मजल जात नाही. इथे त्रास होतो तो पूर्वेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचा.

कोणाला जपावे

शिंदी, ताड आणि भेरली माड यांना कोल्हापूरच्या थंडीचे काहीच वाटत नाही. भेरली माड तर गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट या पट्ट्यातला मूळचा रहिवासी. विहिरीच्या कडेला आणि बांधावर लावलेला नारळ जगतो, पण १५ अंशांखाली त्याची वाढ मंदावते आणि नवी झावळी उशिरा येते. बंगल्यांच्या दारात आणि नव्या वसाहतींच्या फाटकाशी जोडीने उभे असलेले बॉटल पाम, म्हणजे क्यूबाकडचे रॉयल पाम, मोठे झाल्यावर निर्धास्त असतात. फॉक्सटेल, चायनीज फॅन पाम आणि रॅपिस यांचेही तसेच. मादागास्करचा अरेका मात्र १० अंशांजवळ पिवळा पडतो.

खरी काळजी घ्यावी अशी जात एकच: लाल दांड्यांचा लिपस्टिक पाम. मलाया, सुमात्रा आणि बोर्निओच्या विषुववृत्तीय दलदलीतले हे झाड. तिथे वर्षभर उकाडा आणि ओल असते. कोल्हापुरात ते हौसेने लावले जाते आणि डिसेंबरात रुसते. ते उघड्यावर न लावता भिंतीच्या आडोशाला, पाण्याच्या हौदाशेजारी लावावे, किंवा सरळ कुंडीत ठेवावे. नर्सरीत पामच्या रांगेत मांडलेले सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम हे या कुलातले नाहीत, वर सांगितलेला एकुलत्या कोंबाचा नियम त्यांना जसाच्या तसा लावू नये.

जपणूक

सुरुवात पावसाळा सरताना होते. पालाश कमी पडलेले झाड थंडीला लवकर बळी पडते. जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसणे आणि त्यांची टोके वाळणे ही त्याची खूण, आणि ती दिसली तरी ती पाने कापायची नसतात, कारण झाड त्यांतलाच पालाश नव्या पानांकडे वळवत असते. नवरात्राच्या सुमारास म्युरेट किंवा सल्फेट ऑफ पोटॅश आणि निंबोळी पेंड आळ्यात द्यावी. त्यानंतर युरिया देऊ नये. नत्राने आलेली लुसलुशीत पात गारठ्यात आधी मार खाते.

मग येतो कोयता. दिवाळीच्या साफसफाईत बॉटल पामची खालची सगळी पाने छाटून शेंड्यावर तीन-चार उभी पाने ठेवण्याची टूम अनेक सोसायट्यांमध्ये आहे. झाड टापटीप दिसते खरे, पण कोंबाचे पांघरूण काढून घेतलेले असते आणि अन्न तयार करणारी पानेही गेलेली असतात. पूर्ण वाळलेले पान तेवढे काढावे. बाकीची छाटणी थंडी सरेपर्यंत थांबू शकते. होळी जळाली, थंडी पळाली, हा हिशेब इथे चपखल बसतो.

पाण्याबाबत दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे थंडीत पाणी लागत नाही असे समजून ते तोडणे. दुसरी, उन्हाळ्याइतकेच देत राहून नदीकाठच्या काळ्या जमिनीत मुळे बुडवणे. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झालेली, पाहून पाणी द्यावे आणि ते आळ्यात द्यावे. शेंड्यावर फवारा मारू नये. विहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे हवेपेक्षा कोमट असते आणि ओली जमीन दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते, म्हणून थंडीच्या लाटेचा इशारा आला की लहान रोपांना आदल्या दिवशी पाणी देणे फायद्याचे. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्यात बागेला पाणी देतात आणि पहाटे शेकोट्याही पेटवतात. कोल्हापुरात दारच्या दोन पामसाठी शेकोटीचा उद्योग करण्याची गरज नाही.

आच्छादनाला या जिल्ह्यात पैसा लागत नाही. गळीत हंगाम सुरू असतो, पाचट मुबलक असते. चार-सहा बोटे जाडीचा थर आळ्यात पसरावा, पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी लागते आणि बुंधा ओलसर राहून कुजतो. झाडाशेजारी शेणखताचा ढीग मात्र नको. नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा त्यात वाढतो.

वर्ष-दोन वर्षांच्या रोपाला आडोसा करायचा तर चार कामट्या रोवून वर आणि वाऱ्याच्या बाजूने तरट किंवा शेडनेट बांधावी. तरट पानाला टेकू नये, आणि दक्षिणेची बाजू उघडी असावी म्हणजे हिवाळ्यातले कलते ऊन आत येते. नारळाच्या रोपाला झापांचा आडोसा करण्याची जुनी चाल आहेच, ती उन्हासाठी असते. थंडीतही तीच कामाला येते.

इजा झाल्यास

सर्वांत वरची, न उमललेली पात म्हणजे पोंगा. तो हलक्या हाताने ओढून पाहावा. घट्ट असेल तर कोंब शाबूत आहे. उसातल्या पोंगेमरीसारखा अलगद सुटून हातात आला, टोकाशी मऊ, तपकिरी आणि आंबूस वासाचा निघाला, तर आत कूज लागली आहे. अशा वेळी झाड लगेच तोडण्याची घाई होते. तसे करू नये. सैल झालेला भाग काढून पोकळीतले पाणी टिपून घ्यावे आणि आत ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतावे. तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यात घरोघरी ठाऊक असलेले एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, यासाठी चालते. एका झाडाला अर्थातच त्यातले लिटरभर पुरते. आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा द्यावे, वारंवार देत राहू नये, कारण साचलेले तांबे कोंबाला पोळते. पोकळीवर पाणी पडू नये म्हणून पत्र्याचा किंवा कागदाचा तुकडा तिरका बांधून ठेवतात.

पुढे वाट पाहावी लागते. उन्हाळा तापल्यावर, कधी पहिल्या वळवानंतर, नवे पान डोकावते. पहिली दोन-तीन पाने आखूड, चुरगळलेली किंवा टोक तुटल्यासारखी येतात. तो रोग नसतो, कोंबात तयार होत असतानाच त्यांना मार बसलेला असतो. पावसाळा अर्धा सरला तरी हालचाल दिसली नाही तर एकखोडी झाडाची आशा सोडावी आणि खोड काढून टाकावे, कारण मरणाऱ्या झाडाकडे सोंड्या भुंगा ओढला जातो आणि तिथून शेजारच्या नारळात जातो.