उतारा न वाचता उत्तरं सापडतात?

‘टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) इंग्रजीचा उतारा वाचत बसू नका; प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, त्याच ओळीत उत्तर असतं.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो अर्धवट आहे. नाव, साल, ठिकाण विचारलं असेल तर चालतो. बाकी ठिकाणी नेमका गोत्यात आणतो, कारण चुकीचे पर्याय अनेकदा उताऱ्यातलेच शब्द उचलून बेतलेले असतात.

समजा उताऱ्यात वाक्य आहे : ‘हॅड द रेन्स कम अर्लिअर, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.’ म्हणजे पाऊस आधी आला असता, तर पीक वाचलं असतं. शब्द शोधणारा ‘पाऊस लवकर आला’ किंवा ‘पीक वाचलं’ या पर्यायावर खूण करून मोकळा. प्रत्यक्षात पाऊस उशिरा आला, पीक गेलं.

सीटीईटीत, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेत, दुसऱ्या भाषेच्या (इथे इंग्रजीच्या) 30 प्रश्नांपैकी 15 उताऱ्यांवर असतात, उरलेले अध्यापनशास्त्राचे. पंधरा गुण नशिबावर सोडायचे? 150 प्रश्नांना अडीच तास, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. प्रश्नांवर आधी नजर टाकायला हरकत नाही, पण मग उतारा सलग वाचाच. सरावात प्रत्येक चुकीचा पर्याय उताऱ्यातल्या कोणत्या ओळीमुळे बाद होतो, ते बोट ठेवून दाखवा. शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा, माझ्या मते, हे जास्त कामाचं.