चालकाविना गाडी आणि आपली पांदण

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या एका कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी स्पष्टच सांगितलं, की चालकविरहित गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे लाखो चालकांची रोजीरोटी जाईल. २०१७ मध्येही त्यांची भूमिका हीच होती. आमच्या पानठेल्यावर ही बातमी वाचली गेली, तेव्हा रोजगारावर फारसं कोणी बोललं नाही. एकानं विचारलं, "मंग तिनं कोनाले ठोकलं, तं धराचं कोनाले?"

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याच्या उत्तराकडे येऊच, पण ही गाडी इथवर कोणत्या रस्त्यांवरून आली ते आधी पाहू. तिच्या इतिहासात गाडीइतकाच रस्ताही महत्त्वाचा आहे.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक रिकामी गाडी धावली. मागच्या गाडीत बसलेला माणूस ती रेडिओ लहरींनी चालवत होता, आणि तरी ती दुसऱ्या गाडीवर आदळलीच. म्हणजे चालक गेला नव्हता, फक्त मागच्या गाडीत जाऊन बसला होता. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने आपोआप धावणाऱ्या गाड्यांच्या महामार्गांचं भलंमोठं मॉडेल मांडलं. पन्नासच्या दशकात याच कंपनीने रेडिओ-टीव्ही बनवणाऱ्या आरसीए कंपनीबरोबर रस्त्याखाली तारा पुरून गाडीला त्या तारांच्या मागे चालवून पाहिलं. गाडीला अक्कल देणं जमेना, तेव्हा रस्त्यालाच शहाणं करायचा हा प्रयत्न होता. पण मैलोगणती तार पुरणार कोण? तो बेत तिथेच राहिला.

डोळे गाडीलाच द्यायचे, हे जमवून दाखवलं जर्मनीच्या अर्न्स्ट डिकमान्स यांनी. त्यांच्या मर्सिडीज व्हॅनमधले त्या काळचे संगणक इतके संथ होते, की कॅमेऱ्याचं अख्खं चित्र वाचणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी चित्रातले नेमके कामाचे तुकडे, म्हणजे रस्त्याची कड आणि पट्टे, तेवढेच तपासायची युक्ती काढली. १९८७ मध्ये ती व्हॅन ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने धावली, तीही रिकाम्या रस्त्यावर. १९९५ मध्ये त्यांची दुसरी गाडी म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सेपर्यंतचं बहुतेक अंतर स्वतः चालली. याच वर्षी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी पिट्सबर्गहून सॅन दिएगोला पोचली. तिचं स्टिअरिंग संगणकाकडे होतं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मात्र माणसाकडे.

पुढचा टप्पा वाळवंटातला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने २००४ मध्ये मोहावी वाळवंटात सुमारे २४० किलोमीटरची शर्यत लावली. सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही पूर्ण करू शकली नाही. २००५ मध्ये मात्र पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि स्टॅनफर्डची 'स्टॅन्ली' पहिली आली. या मंडळींतल्या काहींना घेऊन गूगलने २००९ मध्ये काम सुरू केलं. त्यातूनच वेमो कंपनी उभी राहिली आणि २०२० मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या परिसरात तिची चालकाविना टॅक्सी सामान्य लोकांना मिळू लागली. जर्मनीचा महामार्ग, मोहावीचं वाळवंट, फिनिक्सचे रुंद, कोरडे, सरळ रस्ते. जिथे रस्ता सोपा, तिथे ही गाडी आधी पोचली, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच ॲरिझोनात, टेम्पी शहरात, मार्च २०१८ मध्ये उबरच्या चाचणी गाडीने एका महिलेला उडवलं. ती रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीत देखरेखीला माणूस होता, पण त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. चौकशीत कळलं, की गाडीला ती कितीतरी सेकंद आधी दिसली होती. पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे यंत्र पुन्हा पुन्हा बदलत राहिलं. क्रॉसिंग सोडून कुठेही माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्याला शिकवलेलंच नव्हतं.

आता आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबरात अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत पडलेलं, त्याच्या कडेला राखणीला दगड मांडलेले. कापसाने भरून वाहणारी ट्रॉली मागचे दिवे झाकून जिनिंगकडे निघालेली. काळीपिवळीच्या मागच्या दाराला लटकलेली पोरं. निंदणाहून परतणाऱ्या बायांची रांग, डोक्यावर गवताचे भारे. आणि अंधार पडला की तुरीतून उडी मारून थेट डांबरावर येणारा रोही. (नीलगाय हा शब्द आमच्याकडे कागदावरच सापडतो.) टेम्पीच्या यंत्राला एका सायकलने गोंधळात टाकलं होतं.

जनावरांची अडचण काही आपल्यापुरतीच नाही. स्वीडनमध्ये मूस, म्हणजे तिथलं थोराड हरीण, ओळखायला शिकलेली व्होल्वोची यंत्रणा ऑस्ट्रेलियात कांगारूसमोर अडखळली. अंतर मोजण्यासाठी ती जमिनीचा आधार घ्यायची, त्यामुळे उडी मारताना कांगारू लांब वाटायचा आणि खाली टेकला की जवळ. कंपनीने २०१७ मध्ये हे उघड मान्य केलं. रोहीचा अभ्यास कोणाला तरी वेगळाच करावा लागेल.

त्या दिशेने एक पाऊल हैदराबादेत पडलं. तिथली ट्रिपल आयटी ही माहिती तंत्रज्ञान संस्था आणि इंटेल कंपनी यांनी २०१८ मध्ये, गाडीतल्या यंत्राला शिकवण्यासाठी, भारतीय रस्त्यांच्या १० हजार चित्रांचा संच तयार केला. त्यात ऑटोरिक्षाला वेगळी ओळख आहे आणि जनावरालाही. रस्त्याकडेची, वेळ पडली तर चाक उतरवता येईल अशी माती हासुद्धा त्यात स्वतंत्र प्रकार आहे. साइडपट्टीला एवढा मान आजवर कोणी दिला नसेल. भोपाळची स्वायत्त रोबोट्स ही कंपनी बोलेरोवर चाचण्या घेते, त्याही असल्याच गर्दीच्या रस्त्यांवर.

गाडी नेटवर्कला जोडली जाण्याची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये मोबाइल आणि उपग्रहाच्या आधारे मदत बोलावणारी ऑनस्टार सेवा सुरू केली. आपल्याकडे ती आली सरकारी नियमांतून. २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना, म्हणजे बस-टॅक्सीला, ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि संकटाचं बटण सक्तीचं झालं. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात आयरास्ते प्रकल्प सुरू होऊन शहर बसमध्ये धडकेआधी चालकाला सावध करणारी यंत्रं बसली. इथे चालकाला काढलेलं नाही, त्याच्या शेजारी जागल्या बसवलाय. मला यातला हाच भाग सर्वांत कामाचा वाटतो. अडचण नेटवर्कची आहे. मेळघाटात फोन लावायला लोक टेकडी चढतात, तिथे गाडी कोणाशी बोलणार?

समृद्धी महामार्ग हा विदर्भातला सोपा रस्ता. ७०१ किलोमीटरचा, कुंपणाने बंद केलेला, जनावरांसाठी वेगळे मार्ग असलेला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. सरळ रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी हा विषय तेव्हापासून घरोघरी बोलला जातो. पट्ट्यात राहायला स्टिअरिंग स्वतः वळवणाऱ्या आणि त्याच वेळी पुढच्या गाडीप्रमाणे वेगही स्वतः कमीजास्त करणाऱ्या गाड्या आता शोरूममध्ये मिळतात. त्यांना 'लेव्हल २' म्हणतात. त्यांत हात स्टिअरिंगवर आणि जबाबदारी चालकाचीच. पानठेल्यावरच्या प्रश्नाचं आजचं उत्तर हेच आहे, धरायचं ते चालकाला.

पण खरा सोपा रस्ता निघाला शेत. समोरून कोणी येत नाही, सिग्नल नाही, वेग बैलापेक्षा थोडा जास्त. महिंद्राने २०१७ मध्ये चालकाविना ट्रॅक्टर दाखवला. २०२५ च्या खरिपात अकोला जिल्ह्यात अशा ट्रॅक्टरने सोयाबीन पेरल्याच्या बातम्या झळकल्या. शेताजवळ ठेवलेलं केंद्र उपग्रहाच्या संदेशातली चूक दुरुस्त करतं आणि ट्रॅक्टर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने तास धरून चालतो. अशा पेरणीची तासं धुऱ्यावरून पाहिली तर दोरी लावल्यासारखी दिसतात. पेरणी आटोपली, की तोच ट्रॅक्टर चिखलाच्या पांदणीतून गावात आणायला माणूस सीटवर चढतो.