चक्का

दह्यातील पाणी कापडातून निथळून गेल्यावर उरणारा घट्ट गोळा म्हणजे चक्का. श्रीखंडासाठी तो लागतो. मराठवाड्यात गुढीपाडव्याच्या सुमारास तो घरी बांधला जातो.

निथळलेल्या दह्याचा वापर नेमका कधी सुरू झाला, हे ठरविणे अवघड आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सु. 1130) या ग्रंथात शिखरिणी या दह्याच्या गोड पदार्थाचा उल्लेख आढळतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण हे मराठवाड्याच्या सीमेलगत असल्याने श्रीखंडाचे मूळ याच परिसरात मानण्याकडे कल होऊ शकतो. तथापि केवळ राजधानीच्या सान्निध्यावरून असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. साधारणतः सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथातील रसाला या दह्याच्या पदार्थाची कृती अधिक स्पष्ट आहे. तीत म्हशीचे ‘अंबुरहित’ (पाणी काढलेले) दही साखर व दुधासह स्वच्छ वस्त्रातून गाळून त्यात वेलची, लवंग, कापूर व मिरी घालण्यास सांगितले असून तिचे कर्तृत्व भीमाकडे दिले आहे. दुधामुळे ती आजच्या श्रीखंडाहून पातळ होत असावी. म्हणून दोन्ही पदार्थ एकच मानण्यापेक्षा, दही निथळण्याची रीत तेव्हा माहीत होती एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवितात आणि सामू (आम्लतेचे माप, pH) 4.6 च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन साकळते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने अधिक असल्याने चक्का जास्त पडतो. देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या दुधाचा कमी व मऊ पडतो. दही न ढवळता ओल्या मलमलीत किंवा जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यात बांधून टांगतात. काही तासांनी कापडालगतचा थर कोरडा होऊन छिद्रे बुजतात व मधला भाग ओलाच राहतो. तेव्हा गाठ सोडून कडेचा चक्का खरवडून मध्ये ढकलणे व पुन्हा बांधणे अगत्याचे असते. पारा चाळिशीपार गेलेल्या एप्रिलमध्ये टांगलेले दही झपाट्याने आंबते, म्हणून ते रात्री बांधावे किंवा चाळणीवर ठेवून शीतकपाटात निथळावे. निथळलेले पाणी कढीत किंवा थालीपिठाच्या पिठात वापरता येते. विक्रीच्या चक्क्यात एकूण घनपदार्थ किमान 30 टक्के असावे लागतात.