एकच प्रोग्रॅम, तीन फायली : तुमची कोणती?

नवी आवृत्ती निघाली की आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात पहिले दोन दिवस एकच फोन वाजत राहतो : "शेजारच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर फाइल आणलीय, तीच टाकू ना?" थांबा, टाकू नका. का ते सांगतो.

आपला बिलाचा आणि साठ्याचा प्रोग्रॅम आम्ही लिहितो एकदाच. पण विंडोजला पीई नावाच्या रचनेची फाइल लागते, मॅकला माक-ओ आणि लिनक्सला ईएलएफ. खिडकी उघडायची, प्रिंटरकडे कागद पाठवायचा, हेही प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत सांगावं लागतं. सोसायटीच्या फळ्यावर पाणी बंदची सूचना गुजरातीत, मराठीत आणि इंग्रजीत लागते, तसंच हे. यातलं बरंचसं दुभाष्याचं काम क्यूट नावाचा तयार संच करतो. शेवटची बांधणी मात्र ज्याची त्याच्या घरी : विंडोजची फाइल विंडोजवर, मॅकची मॅकवर. ऑफिसात कोपऱ्यात एक मॅक मिनी दिसतो ना, तो याच कामाला ठेवलाय.

"बिल छापायला एवढी मोठी फाइल कशाला?" असंही विचारतात. कारण प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान आम्ही त्याच खोक्यात भरतो, अगदी गुजराती आणि मराठी फॉन्टसुद्धा. पूर्वी फॉन्ट पाठवत नव्हतो. विंडोजवर सगळं झकास दिसायचं. मग एका मिठाईवाल्या काकांनी मुलाच्या लिनक्स मशीनवर बिल काढलं आणि श्रीखंडाच्या जागी चौकोनांची रांग छापून आली. तेव्हापासून फॉन्ट खोक्यातच.

तुमचं मशीन कोणतं

विंडोज असेल तर 'धिस पीसी'वर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'सिस्टिम टाइप'ची ओळ वाचा. आमची सध्याची फाइल ६४ बिटवालीच आहे, तेव्हा तिथे ६४ बिट लिहिलेलं हवं. मॅकवर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' बघा. 'चिप'समोर एम१, एम२ असं काही असेल तर अ‍ॅपलची चिप, 'प्रोसेसर'समोर इंटेल लिहिलं असेल तर जुना मॅक. आमची मॅकची फाइल दोन्हींवर चालते, पण फोन करताना कोणता ते सांगा, शोधाशोध वाचते.

विंडोज ७वाल्यांसाठी वाईट बातमी जुनीच आहे. मायक्रोसॉफ्टने त्याची दोरी कापली (नेहमीच्या दुरुस्त्या पाठवणं थांबवलं) १४ जानेवारी २०२० ला, म्हणजे नेमकी उत्तरायणाच्या दिवशी, आपण सगळे गच्चीवर असताना. आम्ही वापरतो तो क्यूट ६ त्यावर चालतच नाही. तुमच्याकडे आहे ती जुनी आवृत्ती चालत राहील, नवीन काही मिळणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या तोंडावर संपला. आमचा प्रोग्रॅम त्यावर आजही चालतो, पण नवं मशीन घेणार असाल तर घेण्याआधी आम्हाला विचारा. घेतल्यावर विचारणारेच जास्त.

निळी पाटी आली तर

विंडोजवर सेटअप उघडताना कधी कधी निळी पाटी येते आणि 'आम्ही तुमचा पीसी वाचवला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसतं. रावपुऱ्यातल्या एका दवाखान्यातल्या बेन घाबरून मशीनच बंद करून बसल्या होत्या. हा व्हायरस सापडल्याचा निरोप नव्हे. आमच्या फाइलवर डिजिटल सही असते. पण सही असली तरी फाइल अगदी नवी असेल आणि फारशा लोकांनी उतरवून घेतली नसेल, तर विंडोज संशय घेतं. नव्या आवृत्तीला कधी कधी ही ओळख नव्याने पटवावी लागते.

म्हणून डोळे मिटून 'रन एनीवे' दाबा असं आम्ही मुळीच सांगणार नाही. आधी 'मोअर इन्फो'वर क्लिक करा. खाली 'पब्लिशर' अशी ओळ येते. तिथे आमचं नाव, बिलावर छापलंय तसंच दिसलं तर पुढे जा. 'अननोन पब्लिशर' दिसलं तर ती फाइल आमची नाही, किंवा वाटेत कुणीतरी तिच्यात हात घातलाय. तिथेच थांबा आणि फोन करा. पेन ड्राइव्हच्या फाइलला आम्ही नको म्हणतो ते यासाठीच.

अँटिव्हायरसवाल्यांचा आणखी एक घोळ होता. आम्ही पूर्वी सगळं एकाच फाइलमध्ये कोंबून द्यायचो. ती दर वेळी चालवताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःला उलगडायची. व्हायरसही तसंच करतात, त्यामुळे अँटिव्हायरस तिला उचलून बाजूला टाकायचा. आता सेटअप एकदाच सगळं नीट मांडून ठेवतो. उघडायलाही वेळ कमी लागतो.

मॅकवर आमची फाइल अ‍ॅपलकडे तपासणीला जाऊन येते. यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, आणि हो, ते तुमच्या बिलात वेगळे लावत नाही. पहिल्यांदा उघडताना मॅक 'इंटरनेटवरून आलंय, उघडू का?' एवढंच विचारतो. 'डॅमेज्ड' असं म्हणाला तर सेटिंग्जमध्ये जाऊन जबरदस्ती करू नका. फाइल काढून टाका आणि आम्ही पाठवलेल्या लिंकवरून पुन्हा उतरवा.

लिनक्सवाले ग्राहक मोजके. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असेल तर डेब नावाची सेटअप फाइल घ्या, बाकीच्यांनी अ‍ॅपइमेज, म्हणजे न बसवता थेट चालणारी फाइल घ्यावी आणि तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये चालवायची परवानगी द्यावी. इथे आमचीच एक चूक कबूल करतो. दुकानाच्या लोगोच्या फाइलचं नाव एके ठिकाणी मोठ्या एलने लिहिलं होतं, दुसरीकडे छोट्या. विंडोजला आणि मॅकला सहसा त्याने काही फरक पडत नाही, लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फायली वाटतात. एका वाचनालयाच्या पावत्या आठवडाभर बिनलोगोच्या गेल्या.

प्रोग्रॅम काढून नवा टाकलात तरी तुमचे हिशेब जात नाहीत. ते प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नसतातच, तुमच्या खात्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. तरीही आधी 'बॅकअप' दाबा. मशीनच बदलत असाल तर तो बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह इथे चालतो.

ऑफिस सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नवरात्रात पाचलाच कुलूप लागतं, तेवढं सांभाळून घ्या.