ओयखलं का, भाऊ?

मे महिना, नागपूरच्या वर्धा रोडवरचं मंगल कार्यालय. हातात ताट घेऊन मी कूलरसमोर जागा धरली होती. संत्रा बर्फी तोंडात टाकली आणि पाठीवर थाप पडली. ‘‘ओयखलं का?’’

ओळखलं तर होतं. बुटीबोरीला आम्ही एकाच बसनं ड्युटीवर जायचो. हा खिडकीची जागा कुणाला द्यायचा नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सगळं आठवलं, नाव तेवढं नाही. मग हुकमी शस्त्र काढलं, ‘‘अरे भाऊ! कसं चालू आहे?’’ दहा मिनिटं गप्पा झाल्या, नाव न घेता.

याच्या उलट कधी होत नाही, बघा. चेहरा पाहून नाव आठवलं, पण हा माणूस कोण तेच कळेना, असं. 1985 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी 22 जणांना अशा फजितींची डायरी ठेवायला लावली. माणूस कळला पण नाव सुचलं नाही, अशा नोंदी ढीगभर निघाल्या. उलट प्रकारची एकही नाही. पुढच्याच वर्षी विकी ब्रूस आणि अँडी यंग या मानसशास्त्रज्ञांनी याची मांडणी केली. आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग त्या माणसाची माहिती जागी होते, आणि नावाकडे जाणारी वाट त्या माहितीतूनच जाते.

चेहऱ्यांच्या बाबतीत आपण श्रीमंतच आहोत. मेंदूच्या खालच्या अंगाला, बहुतेकांच्या उजव्या बाजूला जास्त, चेहरा दिसताच जागा होणारा एक भाग असतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या नॅन्सी कॅनविशर यांनी 1997 मध्ये तो दाखवून दिला. 2018 च्या एका अभ्यासात माणूस सरासरी 5000 चेहरे ओळखू शकतो, असा अंदाज निघाला.

नावाची अडचण वेगळीच. 1987 च्या एका प्रयोगात अनोळखी चेहऱ्यांसोबत लोकांना त्यांची आडनावं आणि व्यवसाय शिकवले. काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते, आपल्या ‘सुतार’सारखे. शब्द तोच, पण व्यवसाय म्हणून सांगितला की लक्षात राहायचा, आडनाव म्हणून सांगितला की निसटायचा. सुतारकाम करणारा म्हटलं की रंधा दिसतो, भुशाचा वास येतो. श्रीयुत सुतार म्हटलं की काहीच दिसत नाही. ते बँकेतही असू शकतात. काळे आडनावाचा माणूस गोरापान निघतो, ते तर वेगळंच.

म्हणून आडनावाला चित्र चिकटवा, असं सगळे सांगतात. मला ती युक्ती भर लग्नात कधी जमलेली नाही. समोरचा बोलतोय आणि आपण मनात वाघ मारत बसायचं! ब्रिटनमध्येच विद्यार्थ्यांच्या पार्टीत हे तपासलं गेलं, तेव्हाही चित्रांचा फारसा उपयोग झाला नाही. फायदा झाला तो नाव वाढत्या अंतरानं स्वतःच आठवून पाहणाऱ्यांना. लँडाउअर आणि ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच ही पद्धत नावांवर वापरून पाहिली होती.

त्याच लग्नात नवरदेवाच्या मामांशी ओळख झाली, उमरेडकर. आईस्क्रीमच्या रांगेत एकदा आठवून पाहिलं, हात धुताना पुन्हा, मग अजनी चौकाच्या सिग्नलला आणि रात्री अंथरुणावर. नुसतं घोकायचं नाही. थोडं विसरायला झालं की ओढून काढायचं. त्या ओढण्यानंच ते पक्कं होतं. आणि नेमकी तीच मेहनत आपलं ‘भाऊ’ वाचवतं. काकू, दादा, वहिनी, साहेब... आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं नाव न घेता संसार चालतो. वापरायचंच नाही, तर ते टिकेल कशाला?

अर्थात, नाव आधी कानात शिरायला हवं. ओळख करून देताना निम्मं लक्ष आपण आता काय बोलायचं, यातच असतं.

निघताना लाज सोडून त्या बसवाल्याला विचारलंच, ‘‘राग नको मानू, पण तुझं नाव?’’

तो खो खो हसला. ‘‘मले तरी तुयं कुठी आठवून राहिलं? म्हणून तं म्हटलं, ओयखलं का!’’