ठेका जुळतो तेव्हा शरीरात काय घडते?

पौषात गोव्याच्या गावांत मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, धालो हे बायकांचे नाच-गाण्याचे खेळ रंगतात तेव्हा त्यांच्या दोन रांगा समोरासमोर येतात, वाकतात आणि मागे सरतात. यात दमछाक फारशी नसते, तरी खेळ संपल्यावर बायकांमध्ये जवळीक वाढलेली जाणवते. ही जवळीक नुसते एकत्र जमल्याने येते, की पावले एकाच वेळी पडल्याने?

ऑक्सफर्डमध्ये १२ वल्हेकऱ्यांवर याचा प्रयोग झाला. प्रत्येकाने ४५ मिनिटे यंत्रावर वल्हे मारले, कधी एकट्याने, कधी संघासोबत. नंतर दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा फुगवत नेला आणि दुखायला कधी लागते ते पाहिले. मेहनत सारखीच होती, पण संघासोबत वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याच्या क्षमतेत झालेली वाढ सुमारे दुप्पट होती. वेदनाच का मोजायची? जवळीकीच्या भावनेशी जोडले जाणारे मेंदूतले एंडॉर्फिन हे रसायन वेदनाही बोथट करते, आणि रक्त तपासून मेंदूतले प्रमाण कळत नाही. म्हणजे पुरावा आडवळणाचा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

श्रम आणि मेळ यांचा परिणाम वेगळा करून पाहिला तो ब्राझीलमधल्या २६४ शाळकरी मुलांवर. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली आले. काही गट जोरात नाचले, काहींनी बसल्या बसल्या हात हलवले. काहींच्या हालचाली एकसारख्या होत्या, काहींच्या वेगवेगळ्या. श्रमाने जवळीक वाढली, मेळानेही स्वतंत्रपणे वाढली. धालोंचे कोडे इथे बरेचसे सुटते. फुगडीत आणि रोमटात, म्हणजे शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या उत्सवाच्या) मिरवणुकीतल्या नाचात, तर दोन्ही गोष्टी असतात.

मात्र मेळ साधणे दिसते तितके सोपे नाही. ठोका ऐकून मग पाऊल उचलले तर उशीर होतो. म्हणून मेंदू पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधून आधीच हालचाल सुरू करतो. ठोके साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने पडले तर हा अंदाज छान जमतो, दोन सेकंदांच्या पुढे गेले की कोलमडतो. नवख्यांना सावकाश शिकवायचे म्हणून ठेका फार ओढू नये. चाल सोपी करावी, ठेका चालता ठेवावा.

शिगम्याच्या मिरवणुकीत वेगळीच अडचण येते. उन्हाळ्यातल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ढोल रोमटाच्या तोंडाशी असेल तर ३५ मीटर मागे असलेल्याला ठोका ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके धरले तर हा एका ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. मागचे ‘बेताल’ ठरतात ते बिचारे विनाकारण! ढोल-ताशे मध्ये आणले की हे अंतर निम्म्यावर येते. शेपटाकडे दुसरा ढोल दिला, तर त्या वादकाने पुढचा आवाज ऐकून नव्हे, पुढच्या वादकाची टिपरी पाहून वाजवावे. प्रकाश रेंगाळत नाही.

दुसरी खोड म्हणजे वेग आपोआप चढणे. एकत्र ठेका धरणारी माणसे नकळत घाई करतात, कारण पुढे गेलेल्याला बाकीचे गाठतात, मागे पडलेल्यासाठी कोणी थांबत नाही. फुगडीत हा चढच तर हवा असतो. गोफात तो घात करतो. वर बांधलेले दोर हातात धरून एक आतून, एक बाहेरून असे जात वेणी विणायची असते. घाईत एकाने बाजू चुकवली की तिथेच गाठ बसते आणि उलट्या चालीने गोफ सुटत नाही. चूक दिसताच सगळ्यांनी तिथवर उलट पावली परतावे, दोर ओढू नये. ठेका एकाच्याच हाती द्यावा, शक्यतो न नाचणाऱ्याच्या.

मिश्र वयाचा गट असेल तर धालोंसारख्या पुढे-मागे चालीने सुरुवात करावी. भोवळ येणाऱ्यांनी गरगर फिरणारी फुगडी टाळावी. वेगात हात सुटला तर दोघी बाहेर फेकल्या जातात. थांबतानाही एकदम हात सोडू नयेत, वेग उतरवत आणून मगच सोडावेत.