ऑपरेटिंग सिस्टीम आणि आयटी व्यवस्थापन सॉफ्टवेअर : तुलना

संगणकाचे हार्डवेअर आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांची वाटणी करणारे मूळ सॉफ्टवेअर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम किंवा संचालन प्रणाली. शेकडो-हजारो संगणकांवर काय बसवले आहे, कोणते अपडेट राहिले आहे, कोणाला कशाची परवानगी आहे, कुठली डिस्क भरत आली आहे, हे एका जागेवरून पाहता आणि बदलता यावे म्हणून वापरतात ते आयटी व्यवस्थापन सॉफ्टवेअर. या दोहोंची तुलना बहुधा वेगवेगळ्या तक्त्यांत मांडली जाते आणि तिथेच ती अपुरी पडते. व्यवस्थापनाच्या साधनाला काय जमेल आणि काय नाही, हे बऱ्याच अंशी खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमने आधीच ठरवून ठेवलेले असते.

आज प्रचारात असलेल्या सिस्टीमची घराणी मुख्यतः दोन. पहिले युनिक्सचे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये त्याची सुरुवात केली. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल (कर्नल म्हणजे सिस्टीमचा हार्डवेअरशी थेट बोलणारा गाभा) याच वळणाचा आहे, आणि २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनचा, म्हणजे आजच्या मॅकओएसचा पायाही नेक्स्ट कंपनीच्या सिस्टीममार्फत युनिक्सपर्यंत जातो. दुसरे घराणे विंडोज एनटीचे. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली त्याची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये बाजारात आली. युनिक्सच्या परंपरेत सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असते. विंडोजमध्ये तिचा मोठा भाग रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती कोठारात असतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकातून पुढे साधनांच्या दोन वेगळ्या जाती निर्माण झाल्या.

अपडेट बसवताना हा स्वभावभेद सर्वांत स्पष्ट दिसतो. विंडोजवर एखादा प्रोग्रॅम फाइल वापरत असेल, तर ती सहसा कुलूपबंद राहते. नवी फाइल तिच्या जागी लगेच ठेवता येत नाही, म्हणून बदल पुढच्या रीस्टार्टवर ढकलला जातो. लिनक्सवर चालू फाइलचे नाव काढून त्या नावाने नवी फाइल ठेवता येते. जुनी फाइल उघडून बसलेल्या प्रोग्रॅमला मात्र ती बंद करेपर्यंत जुनीच मिळत राहते. त्यामुळे रीस्टार्ट टळतो, पण एक सापळाही तयार होतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा तयार कोडमधील, हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष जाहीर झाला, तेव्हा नुसते पॅकेज, म्हणजे त्या लायब्ररीचा बसवायचा गठ्ठा, बदलून भागणार नव्हते. डिस्कवर दुरुस्त लायब्ररी आली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली सदोष प्रतच वापरत राहतो. फक्त पॅकेजची आवृत्ती तपासणारे साधन अशा वेळी ‘सर्व ठीक’ म्हणते. म्हणून साधन निवडताना, ते चालू प्रोसेस कोणती लायब्ररी धरून आहे हे पाहते का, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

सेटिंग पोचवण्याच्या रीतीही अशाच वेगळ्या. विंडोजवर डोमेनमधला, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरशी जोडलेला, संगणक ग्रुप पॉलिसीचे (संस्थेने ठरवलेल्या सेटिंगचे) नियम स्वतः जाऊन आणतो : सुरू होताना एकदा, मग साधारण दर ९० मिनिटांनी. सगळ्या यंत्रांनी एकदम सर्व्हरवर धडकू नये म्हणून त्यात ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर घातलेली असते. मॅकवर एमडीएम (यंत्रे दुरून सांभाळणारा) सर्व्हर ॲपलच्या पुश, म्हणजे सूचना पोचवणाऱ्या, सेवेमार्फत फक्त हाक मारतो, मग यंत्र आज्ञा घ्यायला सर्व्हरकडे येते. ॲपलने जी सेटिंग एमडीएमसाठी खुली केली आहे तेवढीच या वाटेने बदलते. लिनक्सवर असा एकच राजमार्ग नाही, आणि म्हणूनच तिथे साधने भरपूर झाली : मार्क बर्जेस यांचे सीएफइंजिन (१९९३), मग पपेट (२००५), पुढे ॲन्सिबल (२०१२). ॲन्सिबल समोरच्या यंत्रावर कायमचा एजंट, म्हणजे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, ठेवत नाही. ते एसएसएच या सुरक्षित दूरजोडणीने आत जाते, पायथॉन भाषेतले छोटे तुकडे चालवते आणि बाहेर पडते.

या साधनांमागचा विचार एका ओळीच्या उदाहरणाने कळतो. ‘या फाइलच्या शेवटी ही ओळ जोड’ अशी स्क्रिप्ट दोनदा चालवली की ओळ दोनदा लागते. ‘या फाइलमध्ये ही ओळ असली पाहिजे’ असे लिहिले, तर साधन आधी पाहते आणि ओळ नसेल तरच घालते. दहा वेळा चालवले तरी ओळ एकच राहते. कृती सांगण्याऐवजी अपेक्षित स्थिती सांगण्याची ही पद्धत हाताशी असली की पाचशे सर्व्हर निश्चिंतपणे हाताळता येतात.

सिस्टीम आणि साधन यांची गाठ किती घट्ट असते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ४.०९ वाजता एक सदोष फाइल विंडोज यंत्रांवर पाठवली. ती वाचणारा ड्रायव्हर (सिस्टीमला जोडलेला सहायक प्रोग्रॅम) कर्नलमध्ये चालत असल्याने चूक त्या प्रोग्रॅमपुरती न राहता अख्खे यंत्र कोसळले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली. अनेक यंत्रे सुरू होताहोताच पुन्हा कोसळत होती, त्यामुळे दुरून चालणारी साधने त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन सेफ मोडमध्ये (किमान प्रोग्रॅमवर यंत्र सुरू करून) ती फाइल काढावी लागली, आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाने बंद असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाकावी लागली. मॅक आणि लिनक्स त्या दिवशी वाचले, कारण ती फाइल विंडोजसाठीच होती. मॅकओएसने २०१९ पासून अशा सुरक्षा साधनांना कर्नलबाहेरून काम करण्याची सोय दिली आहे, हा मात्र रचनेतला खरा फरक आहे. लिनक्सवर ईबीपीएफ ही सोय कर्नलमध्ये जाणारा तुकडा आधी तपासून घेते. पण तिथेही जुन्या धाटणीचे कर्नल मॉड्यूल, म्हणजे थेट कर्नलमध्ये जोडले जाणारे तुकडे, चालतातच.

देखरेखीच्या बाबतीत सिस्टीमचा फरक कमी जाणवतो. १९८८ मधील एसएनएमपी हा नेटवर्कवरील यंत्रांची स्थिती विचारण्याचा प्रोटोकॉल राउटरपासून प्रिंटरपर्यंत सगळीकडे बोलला जातो. नागिओस, झॅबिक्स आणि प्रोमिथियस ही मुक्तस्रोत साधने मिश्र ताफ्यावरही नीट चालतात.

खर्चाच्या तुलनेत लायसन्सची रक्कम डोळ्यांत भरते, पण आधार, म्हणजे निर्मात्याकडून दुरुस्त्या आणि सुरक्षा अपडेट, किती वर्षे मिळणार हे अधिक काळजीपूर्वक पाहावे. विंडोज १० ला २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५ असा दहा वर्षांचा सर्वसाधारण आधार मिळाला. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला प्रमाण आधार पाच वर्षांचा असतो. ॲपल अशी तारीख आगाऊ जाहीर करत नाही. आणि जाहीर झालेली तारीखही बदलू शकते : सेंटओएस लिनक्स ८ या लिनक्स वितरणाचा (कर्नल आणि सोबतच्या सॉफ्टवेअरच्या तयार संचाचा) आधार २०२९ पर्यंत गृहीत धरला होता. डिसेंबर २०२० मध्ये तो एका वर्षावर आणल्याची घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो थांबला. त्याच्या भरवशावर सर्व्हर उभे केलेल्यांपैकी अनेकजण रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स या नव्या वितरणांकडे वळले. पॅकेजची रचना तीच असल्याने त्यांची व्यवस्थापनाची जुनी साधने तिथे फारसा बदल न करता चालली.